आजोबांचा संप

यंदा मुलाला शाळेत 'माझे पणजोबा' हा विषय होता. त्याने लिहिले, 'ते म्यूटिनीत होते.' मी थबकलो. कारण कुणी 'नाविकांचं बंड' म्हटले, की आजोबा लगेच दुरुस्त करीत, "बंड नव्हे रे, संप!"

आजोबा रत्नागिरीकडचे, रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक केंद्रातल्या पोरांनी निकृष्ट जेवण नाकारले आणि काम बंद केले. बघता बघता ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नाविक त्यात आले. त्यांच्या समितीचे नावही संप समितीच! मागण्या होत्या चांगल्या अन्नाच्या, गोऱ्यांइतक्या पगाराच्या. शिवाय आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा, याही.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला. आजोबा आत होते. त्याबद्दल ते फारसे बोलत नसत. गेटवेवर मुंबईकरांनी नाविकांसाठी आणलेल्या खाण्याबद्दल मात्र रंगून सांगत. शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला कमल दोंदे गेल्या.

सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ तारखेला संप मागे घेतला गेला. आजोबा बडतर्फ झाले, आगबोटीने गावी परतले. स्वतंत्र भारताच्या नौदलानेही अशांना परत घेतले नाही.

मुलाला 'स्ट्राइक' लिहायला लावले. बाईंनी समासात प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली आहे.