भीमबेटका येथील गुहेंतले थर

भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटका येथें शिलाश्रयांचा मोठा समूह आहे. ‘भीमबैठक’ या नांवावरून लोक त्याचा संबंध भीमसेनाशीं लावितात; परंतु नांवावरून स्थळाचा काळ ठरत नाहीं. वि. श्री. वाकणकर यांनीं १९५७ सालीं हीं स्थळें उजेडांत आणिलीं. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनीं १९७३ पासून तेथील एफ-२३ क्रमांकाची गुहा खणिली. थरांची एकंदर जाडी सुमारें ३.९० मीटर भरली. वरच्या थरांत चर्ट व कॅल्सिडनी या बाहेरून आणिलेल्या दगडांचीं इवलालीं सूक्ष्मास्त्रें निघालीं. तळाशीं क्वार्टझाइटच्या हातकुऱ्हाडी, आणि त्यांहून अधिक रुंद आडव्या धारेचीं हत्यारें. महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या तळच्या थरांतच दगड अंथरून केलेली जमीनहि सांपडली. पावसापुरता आडोसा शोधणारा मनुष्य एवढी खटपट कशाला करील?

पुष्पिकेवांचून पोथीचें सुटें पान, तसें थरावांचून हत्यार. प्रस्तुत लेखकाच्या संग्रहीं एका स्नेह्यानें दिलेली सुबक हातकुऱ्हाड आहे. ती कोठें, किती खोलीवर मिळाली, हें त्या वेळीं विचारावयाचें राहिलें. स्नेही आतां हयात नाहींत.