निवडक तणनाशके
मुख्य पिकास फारशी इजा न करता तण मारणारी रसायने. फ्रान्समध्ये १८९६ साली द्राक्षवेलींवरील बोर्डो मिश्रणाने रानमोहरीची पाने काळी पडल्याचे दिसले. पुढे तृणधान्यांत मोरचुदाचा विद्राव फवारू लागले. तो तृणांच्या उभ्या, मेणचट पानांवरून ओघळे व तणाच्या पसरट पानांवर टिके. १९४० मध्ये इंग्लंडात टेंपलमन यांना नॅप्थॅलीन ॲसिटिक अम्ल या वृद्धिनियामकाने ओटमधील रानमोहरी मरते, असे आढळले. त्यातून एमसीपीए आले. युद्धामुळे हे संशोधन १९४५ पर्यंत गुप्त होते. चराऊ रानांत मात्र ते नत्र स्थिर करणाऱ्या क्लोव्हरलाही बाधे. वेन यांच्या संशोधनातून १९५० नंतरच्या दशकात निघालेला तोडगा अधिक मार्मिक म्हणावा लागेल : एमसीपीबी स्वतः जवळजवळ निरुपद्रवी असते; अनेक तणे आपल्याच पेशींत त्याचे एमसीपीए बनवून मरतात, क्लोव्हरमध्ये हे रूपांतर फारसे होत नाही.