गिरणीतल्या आया आणि १९२९ चा कायदा

माता रमाईंची जयंती आपण ७ फेब्रुवारीला करतो. त्यांनी गोवऱ्या थापल्या, उपास काढले, चार लेकरं गमावली आणि साहेब परदेशी शिकत असताना संसार ओढला, हे आपल्या पोराबाळांना तोंडपाठ आहे. पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला, हेही ठाऊक आहे. पण रमाई ज्या परळच्या चाळीत राहिल्या, तिच्या आजूबाजूला हजारो आया भोंग्यावर उठत होत्या. त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. काम उक्तं, म्हणजे जितकं सूत गुंडाळाल तितका पैसा. त्यामुळे दिवस भरत आले तरी बाई साच्यावर उभी, आणि बाळंत झाल्यावर हातात जोर येण्याआधी परत गेटावर. तान्ह्याला अफूची गोळी चाटवून झोपवायचं आणि पाळीला जायचं, ही तेव्हाची सर्रास रीत. कोणी त्या आयांना निर्दयी म्हणेल. घरी बसली तर चूल बंद, हे त्याला माहीत नसावं.

अशा वेळी मुंबई विधिमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आलं. ते बाबासाहेबांनी मांडलं असं आपल्या सभांतून सांगतात, ते बरोबर नाही. मांडलं आसवले यांनी. पण २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब त्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण जो मालक तिच्या कामावर नफा कमावतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत. मूल होणं ही बाईची खाजगी भानगड नाही, असं त्या काळी भर सभागृहात सांगणं सोपं नव्हतं. १९२९ साली कायदा झाला.

पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. बायकांचा खर्च वाढला, रात्रपाळीला त्यांना बंदी, नवी यंत्रं आली, आणि मालकांनी हळूहळू बायका कमी केल्या. मी गिरणीत लागलो तेव्हा वाइंडिंगमध्ये त्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

गेटाबाहेर पडलेल्या बाईने मग काय केलं? तिने खाणावळ घातली. दहा-वीस कामगारांचे डबे, उधारीवर किराणा, पगाराला वसुली. संपात वसुली थांबे, पण डबे थांबत नसत. याच बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकार सोडून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याच मंडळाचं काम पुढे आपल्या वाशीतही आलं.

आमच्या आया चळवळीतही मागे नव्हत्या. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली, तेव्हा हजारो बायका जमल्या आणि कामकरी बायकांना पगारी रजा मिळावी असा ठराव झाला. ठराव करणाऱ्यांत सही न येणाऱ्या किती असतील!

विहारांच्या वर्गणीचंही तसंच. घरोघर फिरून पैसे गोळा केले आयांनी, डब्यातली चिल्लर काढून दिली तीही आयांनी. पावती मात्र फाटली नवऱ्याच्या नावाने.