बेचिराग गावे आणि माळव्याची वसाहत

इंदूरच्या इतिहासाचा विषय निघाला की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रथम राजवाडा उभा राहतो आणि त्यामागोमाग सुभेदार मल्हारराव व अहल्याबाई. हे स्वाभाविकच आहे. परंतु राजवाड्याला धान्य पुरविणारी सभोवतीची खेडी केव्हा ओस पडली व पुन्हा कोणाच्या कष्टाने उभी राहिली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अध्यापनात आयुष्य घालविलेल्या मला याची खंत अधिक वाटते. कारण अमझेऱ्याच्या लढाईचे साल बिनचूक सांगणारा विद्यार्थी आपल्या आजोबांच्या गावाविषयी विचारताच गप्प होतो.

मराठे माळव्यात आले ते ओसाड प्रदेशात नव्हे. काळ्या सुपीक मातीचा हा पठारी मुलूख पूर्वीच नांदता होता. आजच्या इंदूरजवळचे कंपेल हे त्या वेळी परगण्याचे ठाणे होते. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठची जुनी इंदूर ही वस्ती तेथील जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांच्या आश्रयाने वाढली. दक्षिणेतून नर्मदा उतरून उज्जैनकडे जाणाऱ्या फौजांना हा मुक्काम सोयीचा होता. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यास चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्यात तो मारला गेला. पुढील काही वर्षांत होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात माळव्याची वाटणी झाली. मात्र नव्या सत्तेने गावगाडा मोडला नाही. मंडलोई, कानूनगो, पटेल हे आपापल्या जागी राहिले. त्यांच्यावर मराठी कमाविसदार आला आणि दफ्तरात मोडी अक्षर आले. आपली वसाहत म्हणजे दुसऱ्याच्या नांदत्या घरावर चढविलेला मजला होय, हे विसरून चालणार नाही.

अहल्याबाईंच्या कारकिर्दीत (१७६७ ते १७९५) या मुलखाला स्वास्थ्य लाभले. त्यांच्या पश्चात ते टिकले नाही. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने शिंद्यांचे उज्जैन लुटले आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने होळकरांचे इंदूर लुटले. ही दोन्ही कृत्ये मराठी फौजांची आहेत. १८११ मध्ये यशवंतराव निवर्तले. मागे अल्पवयी राजा, पगार थकलेले सैन्य आणि मोकाट पेंढारी एवढेच उरले. खेड्यांतून माणसे उठून गेली.

आपण मराठीत ‘बेचिराख’ असे लिहितो आणि मनात राखेचे चित्र आणतो. मूळ शब्द बेचिराग. म्हणजे ज्या गावी दिवा लागत नाही ते गाव. जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात होळकरांच्या राज्यातील अशा गावांची गणती दिली आहे. एकूण ३,७०१ गावांपैकी १८१७ मध्ये १,६६३ गावे बेचिराग होती. म्हणजे शंभरांत पंचेचाळीस. १८१८ मध्ये २६९, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८ गावे पुन्हा वसली. ५४३ ओसाड राहिली. तीन वर्षांत १,१२० गावांत पुन्हा दिवे लागले.

माल्कम हा विजेत्यांचा अधिकारी होता आणि हे आकडे त्याच्या सरकारची बाजू मांडण्यासाठी दिलेले आहेत, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. महिदपूरचा पराभव आणि ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह यांनी होळकरांचे स्वातंत्र्य गेले. शांतता आली ती ही किंमत घेऊन. परंतु शांततेने नांगर आपोआप चालत नाही. राज्याचे दिवाण तात्या जोग यांनी विस्कटलेला कारभार सावरला. पडीक जमीन उठविणाऱ्यास कौल द्यावा, प्रारंभी सारा हलका ठेवून तो वर्षानुवर्षे क्रमाने वाढवावा, ही इस्ताव्याची रीत मराठी राज्यकारभारास जुनीच होती. आणि तरीही खरे श्रेय त्याहून खाली, मातीपाशी शोधावे लागते.

कित्येक वर्षे परागंदा असलेले लोक परतले, तेव्हा काही गावी पटेलकीचा वारस तान्हे मूल होते; त्याला पुढे घालून गावकरी शिवेत शिरले, असे माल्कमच लिहितो. कोणते शेत कोणाचे, पडलेली भिंत कोणाच्या घराची, याविषयी फारसा तंटाही झाला नाही. म्हणजे गाव जमिनीवरून नाहीसे झाले तरी लोकांच्या स्मरणात ते शाबूत होते. बापाने मुलास परमुलखात बसून आपल्या शेताच्या बांधखुणा सांगितल्या असतील, तेव्हाच हे शक्य झाले. राजधानी महेश्वराहून भानपुऱ्यास गेली, पुढे इंदुरास आली. या माणसांची राजधानी मात्र त्यांचे शिवार हीच राहिली.

हे परतणारे लोक बहुतांशी माळवी बोलणारे होते. त्यांच्या कष्टावर आपली दफ्तरे, वाडे आणि साहित्यसंस्थाही उभ्या राहिल्या. ज्या घरांतून जुनी मोडी बाडे अजून शिल्लक असतील, त्यांनी ती केवळ आपल्या घराण्याच्या सनदांसाठी न चाळता त्यांत गावांची नावे, कौल आणि पटेलांचे करार शोधावेत, एवढीच विनंती आहे. राजवाड्याच्या दिव्यांचा हिशेब आपण पुष्कळ ठेवला. त्या १,१२० गावांतील पहिला दिवा कोणी लावला, हे लिहावयाचे अद्याप राहिले आहे.