मनमाडचा सांधा

परभणीच्या मोंढ्यातून मुंबई किती लांब आहे, हे नकाशा सांगतो. पण वाटेत माल कितीदा उतरवावा आणि पुन्हा चढवावा लागत होता, हे त्यावरून कळत नाही. या जिल्ह्याच्या व्यापाराचा इतिहास समजून घ्यायचा, तर मैलांपेक्षा हे सांधेच मोजले पाहिजेत, असे माझे मत आहे. आज कंपन्यांचे, बँकांचे आणि कचेऱ्यांचे काम क्लाउडवर जात असताना आणि माणसे घरी बसून काम करू लागली असताना या कामाचे संगणकीय जाळे कसे असावे, याचे उत्तरही त्याच इतिहासात सापडते.

निजामाच्या राज्यात 1900च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग झाला आणि परभणी, सेलू, मानवत हा कापसाचा पट्टा मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठी आता बैलगाडीऐवजी वाघिणीतून जाऊ लागल्या. मात्र हा मार्ग होता मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत 1,000 मिलिमीटर अंतर. मनमाडहून पुढे मुंबईला जाणारा मार्ग ब्रॉडगेज, 1,676 मिलिमीटरचा. त्यामुळे मनमाडच्या मालधक्क्यावर गाठी हमालांकरवी एका वाघिणीतून काढून दुसरीत भराव्या लागत. पैशालाही असाच सांधा होता. इथे निजामाचा हाली शिक्का हे चलन, तर मुंबईत इंग्रजांचा कलदार रुपया. म्हणून प्रत्येक व्यवहारात बट्ट्याचा हिशेब आलाच. टपालसुद्धा 1950पर्यंत संस्थानाचे वेगळे होते. तारेला मात्र रुळांची रुंदी आडवी येत नसे. मुंबईचा भाव तारेने लवकर कळे, पण त्या भावाने विकायचा माल मनमाडला खोळंबू शके. रुळांचा हा सांधा 1990च्या दशकात, मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर निघाला.

असाच सांधा आजच्या जाळ्यांतही आहे. गेल्या पंचवीस वर्षांत कचेऱ्यांची जी संगणकीय जाळी उभी राहिली, त्यांची रचना मुख्यालयाभोवती झाली. कोअर बँकिंग आले तेव्हा शाखेतला प्रत्येक व्यवहार मध्यवर्ती सर्व्हरपर्यंत जाणे आवश्यकच होते, कारण सगळे सॉफ्टवेअर तिथेच होते. आता ईमेल, हिशेब, बैठका हे सारे क्लाउडवर गेले. तरीही अनेक ठिकाणी परभणीच्या शाखेतली फाइल आधी मुंबई-पुण्याच्या मुख्यालयात जाते, तिथे तपासली जाते आणि मग क्लाउडकडे निघते. उत्तरही त्याच वळणाने परतते. 2020च्या टाळेबंदीत जगभर लाखो माणसे घरून व्हीपीएनने, म्हणजे कचेरीच्या जाळ्याशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने, मुख्यालयाच्या याच एका दारातून आत शिरू लागली आणि दारे तुंबली. अशा वेळी बँडविड्थ वाढवून मागणे हा पहिला उपाय सुचतो. पण मीटर गेजच्या गाड्या दुप्पट केल्या असत्या, तरी मनमाडचा धक्का होता तिथेच राहिला असता. एसडी-वॅन या पद्धतीत सॉफ्टवेअर फायबर, मोबाइल अशा उपलब्ध वाटांतून कामाला योग्य ती वाट निवडते आणि क्लाउडचे काम शाखेतूनच थेट क्लाउडकडे पाठवते. सांधा काढण्याचा खरा उपाय हा आहे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो वजनदार आहे. एकच दार असले की पहारा सोपा जातो. पण सेलूतल्या घरून काम करणाऱ्याला एकदा आत घेतले की सगळी कोठारे उघडी, हा पहाराही धोक्याचाच. म्हणून माणूस कोण, यंत्र कोणते आणि त्याला नेमके काय हवे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. वाट थेट केली म्हणजे तपासणी सोडली असे होत नाही. दुसरा आक्षेप असा की, जिथे तारच धड नाही तिथे या गप्पा कशाला? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने 2011मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पण पंचायतीच्या इमारतीत फायबर पोचले म्हणजे घरात पोचले असे नाही, आणि रस्त्याच्या खोदकामात ते तुटतेही. तेव्हा आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. निष्कर्ष मात्र उलटा निघतो. एकाच वाटेचा भरवसा नसतो तिथेच दोन-तीन वाटा एकत्र वापरणारे जाळे अधिक लागते.

सर्वांत कठीण आक्षेप इतिहासातूनच येतो. रेल्वे आली तरी कापूसच बाहेर गेला. भाव मुंबईने ठरवला आणि कापडाच्या गिरण्यांचे वैभवही मुख्यतः तिथेच उभे राहिले. नवे जाळेही इथली कमाई बाहेर नेणार नाही कशावरून? जाळे आपोआप न्याय करत नाही, हे मान्यच आहे. पण फरक आहे. रेल्वेने इथला माल कामगारांच्या शहराकडे नेला. दूरस्थ काम पगार माणसाच्या गावी आणू शकते. 1972पासून कृषी विद्यापीठ असलेल्या या शहरातल्या शिकलेल्या मुलांना पुणे-हैदराबादची गाडी धरण्यावाचून दुसराही पर्याय मिळू शकतो. त्यासाठी कंपन्यांनी आपल्या जाळ्यातला मनमाडचा धक्का शोधून काढला पाहिजे. रुळांचा सांधा निघायला परभणीने नव्वदेक वर्षे वाट पाहिली. या सांध्यासाठी तेवढी वाट पाहायची, तर आणखी तीन पिढ्या गाव सोडून गेलेल्या असतील.