टॅलिएसिन : भाजलेल्या दगडांचे घर

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, स्प्रिंग ग्रीन या गावाच्या दक्षिणेस, विस्कॉन्सिन नदीच्या खोऱ्यातील एका टेकडीला बिलगून ‘टॅलिएसिन’ नावाचे घर उभे आहे. फ्रँक लॉइड राइट (१८६७-१९५९) या वास्तुविशारदांनी ते १९११ मध्ये बांधावयास घेतले. १९१४ आणि १९२५ या वर्षी लागलेल्या आगींत त्याचा राहता भाग जळून गेला आणि दोन्ही वेळा तो त्याच जागी पुन्हा बांधला गेला. पहिल्या आगीमागे एक भीषण हत्याकांड असल्यामुळे या घराविषयीचे बरेचसे लेखन त्या एका दिवसाभोवतीच घुटमळत राहिले. पुनर्बांधणीच्या इतिहासाकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले, हे अन्यायाचे आहे. कारण घर आणि भूमी यांचे नाते राइट यांना कसे अभिप्रेत होते, ते या पुनर्बांधणीतूनच खरे उलगडते.

हे खोरे म्हणजे राइट यांचे आजोळ. त्यांच्या आईचे लॉइड जोन्स हे घराणे वेल्समधून येऊन येथे शेती करू लागले होते, आणि मामाच्या शेतावर राबण्यात राइट यांच्या मुलपणीचे अनेक उन्हाळे गेले होते. टेकडीच्या माथ्यावर घर बांधले की टेकडीच हरवते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून माथा मोकळा ठेवून त्यांनी घराच्या ठेंगण्या, लांबट ओळी माथ्याखालून कडेकडेने वळवल्या. भिंतींसाठी जवळच्या खाणीतील चुनखडक वापरला आणि खाणीत त्याचे जसे आडवे थर दिसतात तसेच तो भिंतीतही रचला. गिलाव्यात नदीची वाळू मिसळली, आणि छपरावर ऊन-पावसाने रुपेरी करडी होत जाणारी देवदारी लाकडाची पातळ कौले घातली.

बाग ही घर पुरे झाल्यावर सुचलेली सजावट नव्हती, ती मूळ आराखड्यातच होती. खालच्या ओढ्याला बांध घालून तळे करण्यात आले आणि बांधापाशी हायड्रॉलिक रॅम बसवण्यात आला. हा पंप इंधनावर चालत नाही. वाहते पाणी एकाएकी अडवल्यावर जो दाब निर्माण होतो त्याच्या बळावर तो त्यातील थोडे पाणी उंचावर चढवतो. असे चढवलेले पाणी टेकडीवरील दगडी टाक्यात साठे आणि तेथून उताराने कारंज्यांना, फुलझाडांना व खालच्या भाजीच्या मळ्याला मिळे. चौकातील पायऱ्या चढून गेले की ओकच्या सावलीत अर्धवर्तुळाकार दगडी बैठक लागे, आणि उतारावर फळबाग होती. राहत्या खोल्या जळाल्या तरी घराचा पाया ठरणारी ही सारी मांडणी, म्हणजे बांध, उतार, चौक आणि झाडे यांचा परस्परसंबंध, शिल्लक राहणार होती.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी राइट कामानिमित्त शिकागोत असताना घरातील एका नोकराने राहत्या भागाला आग लावली आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांवर कुऱ्हाडीने वार केले. मृत सात जणांत राइट यांच्या सहचारिणी मेमा बोर्थविक, मेमा यांची दोन मुले आणि बागेची निगा राखणारे डेव्हिड लिंडब्लोम यांचा समावेश होता. राइट यांनी मेमा यांच्या साध्या लाकडी शवपेटीत त्यांच्याच बागेतील फुले भरली आणि कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली. कामाचा भाग, म्हणजे आरेखनाची खोली आणि तिला लागून असलेल्या इमारती, बचावला होता. त्याला जोडूनच काही महिन्यांत पुनर्बांधणी सुरू झाली. स्वतःचा मुलगा या हल्ल्यात गमावलेले सुतार विल्यम वेस्टन त्या कामावर परत आले. वास्तुकलेच्या इतिहासात आराखडा काढणाऱ्याचे नाव टिकते आणि रंधा चालवणाऱ्याचे पुसले जाते. टॅलिएसिनच्या बाबतीत तरी वेस्टन यांचे नाव राइट यांच्या शेजारीच घेतले पाहिजे.

दुसरी आग २० एप्रिल १९२५ रोजी विजेच्या सदोष तारांमुळे लागली. राहता भाग पुन्हा गेला, कामाचा भाग पुन्हा वाचला. टोकियोतील इंपीरियल हॉटेलच्या कामाच्या काळात राइट यांनी जमवलेल्या जपानी व चिनी कलावस्तूंचा मोठा संग्रह या आगीत नष्ट झाला. या वेळच्या पुनर्बांधणीत मात्र राइट यांनी एक वेगळाच निर्णय घेतला: राखेतून वेचलेले मूर्तींचे भंगलेले तुकडे आणि आगीत भाजलेले दगड त्यांनी नव्या भिंतींत चिणून घेतले. चुनखडक फार तापला की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ लागतो आणि दगडाचा बाहेरचा थर ठिसूळ होतो, तर दगडातील लोहाच्या अंशामुळे त्याला तांबूस झाक येते. असा तांबूसलेला चिरा गवंडी सहसा बाजूला टाकतो. राइट यांनी तो डोळ्यांसमोर येईल असा बसवला, आणि त्यामुळे तिसऱ्या टॅलिएसिनच्या भिंतीत आधीच्या दोन्ही घरांचा अंश मिसळला.

बांधकामाच्या कर्जापायी पुढे घर बँकेच्या ताब्यात गेले, आणि मित्रांनी व अशिलांनी पैसा उभारल्यानंतर १९२८ मध्ये राइट तेथे परतू शकले. १९३२ मध्ये त्यांनी ‘टॅलिएसिन फेलोशिप’ ही शिष्यपरंपरेची शाळा सुरू केली, जिथे वास्तुकला शिकायला आलेल्यांनी आरेखनाबरोबर शेत नांगरणे, भाजी लावणे, दगड फोडणे आणि स्वयंपाक करणे अपेक्षित होते. या मुलांच्या श्रमांचा मोबदला हा वादाचा विषय आहे आणि तो वाद रास्तही आहे; पण पैशाच्या ओढगस्तीत बाग आणि शेत तगले ते त्यांच्याच हातांमुळे, हे नाकारता येत नाही.

इंग्लंडमधील अपार्क या सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या ग्रामीण प्रासादाशी येथे तुलना करण्याजोगी आहे. १९८९ मध्ये छपराच्या दुरुस्तीच्या वेळी लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली, तेव्हा त्याची मालकी असलेल्या नॅशनल ट्रस्टने तो आगीच्या आदल्या दिवशी होता तसाच करण्याचे ठरवले, आणि १९९५ मध्ये तो पुन्हा खुला झाला. त्या कामाने विस्मृतीत गेलेली कित्येक कारागिरी जिवंत केली, हे त्याचे मोठे श्रेय. टॅलिएसिनला मात्र असा कोणताही ‘आदला दिवस’ नाही, कारण राइट आगी नसतानाही हयातभर तेथील खोल्या, गच्च्या आणि वाफे बदलत राहिले. २०१९ मध्ये युनेस्कोने राइट यांच्या ज्या आठ वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या त्यांत टॅलिएसिन आहे, आणि तेथील संवर्धकांना दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक भिंतीपाशी आधी ठरवावे लागते की ती कोणत्या काळातली भिंत म्हणून जपायची.