तीन तारे आणि एक प्रोग्राम

श्रोतेहो, एकादशीचा उपास कधी सोडायचा असा प्रश्न पडला, की आपण भिंतीवरचे कॅलेंडर पाहतो, आणि घरात जुने माणूस असेल तर ते पंचांग काढते. हाच प्रश्न ज्यांना रोज दिवसातून तीन-चार वेळा पडतो, अशा एका समाजाची हकीकत आज सांगायची आहे. हा समाज यहुदी लोकांचा. तो काही आपल्याला अगदी परका नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत ते बेने इस्रायल याच धर्माचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, हा त्यांचा नेम. त्यावरून गावाने त्यांना हे नाव दिले.

आता शनिवारी काम नाही हे ठीक. पण शनिवार लागतो केव्हा? आपला वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा मध्यरात्री. यहुद्यांचा दिवस मावळतीला सुरू होतो. शुक्रवारी सूर्य बुडण्याआधी घरातल्या बाईने दिवे लावायचे, आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत नेम पाळायचा. घाण्याच्या दारात उभे राहून आकाशाकडे पाहिले की झाले. त्याला छापील तक्ता लागत नाही.

लागतो तो दिवसाच्या प्रार्थनांना. इसवी सन २००च्या सुमारास 'मिश्ना' हा त्यांचा धर्मनियमांचा संग्रह सिद्ध झाला. त्यात सकाळची 'शेमा' ही प्रार्थना दिवसाचा तिसरा तास संपेपर्यंत म्हणावी, असे मत आहे. हा तास आपल्या घड्याळातला साठ मिनिटांचा नव्हे. दिवसाच्या उजेडाचे बारा सारखे भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे एक तास. जेरुसलेमला डिसेंबरात दिवस सुमारे दहा तासांचा, म्हणून तिथला धर्माचा तास पन्नास मिनिटांचा. जूनमध्ये दिवस चौदा तासांच्या वर जातो, तेव्हा तोच तास एकाहत्तर मिनिटांचा होतो. ज्यांच्या घरी राहुकाळ पाहतात त्यांना हे लगेच उमजेल. राहुकाळही दिनमानाचा आठवा भागच असतो, आणि ऋतूप्रमाणे तोही लांबतो, आखडतो.

इथवर सोपे आहे. पण उजेड मोजायचा कुठून कुठवर? इथे दोन थोर पंडितांचे दोन पक्ष झाले. सतराव्या शतकात पोलंडात 'मागेन आव्राहाम' हा टीकाग्रंथ झाला. त्याचे म्हणणे, पहाट फुटल्यापासून रात्र पडेपर्यंत. अठराव्या शतकातले विल्ना गावचे गाओन म्हणाले, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. शिक्षक मंडळींनी हे गणित फळ्यावर मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. सहाला सूर्य उगवला आणि सहाला मावळला असे धरा. गाओनांच्या मते तिसरा तास नऊ वाजता संपतो. दुसऱ्या पक्षाची पहाट सूर्योदयाआधी ७२ मिनिटे, रात्र सूर्यास्तानंतर ७२ मिनिटे. म्हणजे ४ वाजून ४८ पासून ७ वाजून १२ पर्यंत १४ तास २४ मिनिटे. त्याचा बारावा भाग ७२ मिनिटे, आणि तिसरा तास संपतो ८ वाजून २४ मिनिटांनी! एकाच गावात, एकाच सकाळी, छत्तीस मिनिटांचा फरक. दोन्ही पक्षांचे अनुयायी आजही आहेत, म्हणून पुष्कळशा तक्त्यांत दोन्ही वेळा छापलेल्या असतात. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्र्यांनी वेधाला जुळणारे पंचांग काढले, तेव्हा केवढा वाद माजला! तेव्हा यहुद्यांना हसण्याचे आपल्याला कारण नाही.

घड्याळे आली, पण त्यांनी गोंधळ कमी केला नाही, उलट वाढवला. जेरुसलेमच्या याफा रस्त्यावर १९०८ साली एका प्रार्थनामंदिराच्या दर्शनी भिंतीवर मोशे शापिरो यांनी पाच मीटर व्यासाचे छायायंत्र बसवले. त्याच्या जोडीला दोन यांत्रिक घड्याळे होती. एक युरोपी वेळेचे, दुसरे स्थानिक वेळेचे. रस्त्यावरून जाणाऱ्याने तिघांपैकी कोणाचे ऐकायचे? प्रार्थनेसाठी अर्थातच सावलीचे. मुंबईलाही हेच झाले. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. घड्याळात बारा वाजले तरी सूर्य काही डोक्यावर येईना. सूर्यावर चालणारा तक्ता जुन्या वेळेचा असेल आणि भिंतीवरचे घड्याळ नव्या वेळेचे, तर शुक्रवारचा दिवा कोणत्या मिनिटाला लावायचा?

संगणक आल्यावर हे काम त्याच्याकडे गेले. १९९० साली डेर्शोविट्झ आणि राइनगोल्ड या दोन अभ्यासकांनी निरनिराळ्या कालगणना एकमेकींत बदलण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. त्यांत यहुदी पंचांगही होते. १९९१ साली बेल्जियमचे ज्योतिर्गणिती झां मेउस यांचा खगोलगणिताच्या रीतींचा ग्रंथ निघाला. सूर्योदयाचे गणित करणारे पुष्कळ प्रोग्राम त्याच्याच आधाराने लिहिले आहेत. गावाचे अक्षांश, रेखांश आणि तारीख द्यायची, की उत्तर हजर. त्यात एक मौज आहे. सूर्याचा मध्य क्षितिजाखाली ५० कला, म्हणजे एका अंशाला थोडा कमी इतका असतो, तेव्हा उदय धरतात. सोळा कला सूर्याच्या अर्ध्या बिंबाच्या, आणि चौतीस कला हवेतून किरण वाकतात त्याच्या. क्षितिजाखालचा सूर्य आपल्याला वर आलेला दिसतो, ही त्या हवेची करामत.

'तीन तारे' संगणकाला कसे सांगायचे? त्याला डोळे नाहीत. म्हणून ताऱ्यांचा अंश केला: सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश गेला की तीन लहान तारे दिसतात, असे मानणारे एक प्रचलित मत आहे. पहाटेचेही तसेच. विषुवदिनी जेरुसलेमला सूर्योदयाआधी ७२ मिनिटे सूर्य जिथे असतो ते स्थान १६.१ अंश खाली येते. तोच अंश मग जगभर लावतात. 'कोशर जावा' नावाचा एक खुला संच आहे. त्यात पहाटेच्या आणि रात्रीच्या अशा कितीतरी व्याख्या शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. हे मला शहाणपणाचे वाटते. कोणते मत पाळायचे हे धर्मपंडित सांगतात, प्रोग्राम नाही. पूर्णांक करतानाही दिशा पाहावी लागते: दिवा लावण्याची वेळ मागच्या मिनिटावर आणायची, नेम सुटण्याची पुढच्या मिनिटावर न्यायची. उलट केले तर एक मिनिट नेम मोडतो.

खरी अडचण उत्तरेला येते. जूनच्या अखेरीस लंडनला सूर्य मध्यरात्रीसुद्धा जेमतेम पंधरा अंश खाली जातो. १६.१ अंश तो गाठतच नाही, म्हणून त्या व्याख्येने तिथे पहाट होतच नाही. स्टॉकहोमला तर त्या दिवसांत साडेआठ अंशही मिळत नाहीत, म्हणजे हिशेबाने तारेच उगवत नाहीत. अशा वेळी चांगला प्रोग्राम अंदाजाने आकडा ठोकून देत नाही. ती जागा रिकामी सोडतो. मग तिथला यहुदी ती रिकामी जागा घेऊन आपल्या रब्बीकडे जातो, आणि रब्बी जुने ग्रंथ उघडून बसतो.